रिक्रूटिंगचे आकडे आणि मैदानावरचा संघ

अनेक आशीर्वाद.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या रिक्रूटिंगचा, म्हणजे शाळेतले खेळाडू कॉलेजच्या संघात घेण्याचा, तुझा तक्ता नीट पाहिला. मेहनत दिसते, पण पायातच चूक झाली आहे. तू एका वर्षाच्या रिक्रूटिंग क्लासचा (त्या वर्षी सही केलेल्या नव्या खेळाडूंच्या गटाचा) रँकिंगमधला क्रमांक घेतलास, तो त्याच हंगामातल्या विजयांशी ताडून पाहिलास आणि मेळ बसेना म्हणून रँकिंग फोल ठरवलंस. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ही रँकिंग्ज फोल नाहीत. तू मोजलंस ते संघाचं बळच नव्हतं.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचं घे. 2022 चा त्यांचा क्लास 247स्पोर्ट्स या संकेतस्थळाच्या कंपोझिट यादीत (अनेक संस्थांच्या रेटिंगची सरासरी) तोवरचा सर्वाधिक गुणांचा होता आणि त्याच हंगामात संघ 5-7 वर (5 विजय, 7 पराभव) अडकला. यात नवल काही नाही. नुकताच शाळेतून आलेला रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा कॉर्नरबॅक (त्याला रोखणारा) पहिल्या वर्षी चमकू शकतो, पण ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या (प्रतिस्पर्ध्यांना थोपवणाऱ्या आघाडीच्या फळीतल्या) पोराला अंग भरायला आणि ब्लॉकिंग मुरायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर समोर बावीस वर्षांचे गडी उभे असतात. शिवाय त्या क्लासमधले बरेच जण पुढे दुसरीकडे निघून गेले, म्हणजे पिकण्याआधीच माल गेला.

म्हणून चार क्लास एकत्र धर. पत्रकार बड एलियटचा ब्लू-चिप रेशो हेच करतो: शाळेतल्या खेळाडूंना रेटिंगनुसार पाचपर्यंत स्टार मिळतात, तर चार वर्षांत सही केलेल्यांपैकी चार आणि पाच स्टारवाले किती टक्के, एवढंच. 2024 च्या हंगामातल्या ओहायो स्टेटपर्यंत गेली कित्येक वर्षं प्रत्येक राष्ट्रीय विजेता 50 टक्क्यांच्या वर होता. 2023 चं मिशिगन जेमतेम वर. टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) 2022 मध्ये या रेषेच्या बरंच खाली असूनही अंतिम सामन्यापर्यंत गेलं, तिथे जॉर्जियाने 65-7 ने धुतलं. तुझ्या मॉडेलमध्ये चारही वर्षांना सारखं वजन देऊ नकोस. नव्यांना 0.3, दुसऱ्या वर्षाला 0.7, पुढच्या दोघांना 1 अशी सुरुवात कर आणि जुन्या हंगामांवर तपासून आकडे हलव.

क्रमांक टाकून दे, गुण घे. कंपोझिटमध्ये खेळाडूचं रेटिंग साधारण 0.89 च्या पुढे गेलं की चार स्टार सुरू होतात. संघाचे गुण काढताना सर्वोत्तम खेळाडूला पूर्ण वजन आणि खालच्यांना उतरतं वजन मिळतं, त्यामुळे विसाव्या-पंचविसाव्या सहीने फारसा फरक पडत नाही. पहिल्या आणि दहाव्या संघात मोठी दरी असते. पन्नासाव्या आणि साठाव्यात किरकोळ. क्रमांक घेतलास की या दोन्ही दऱ्या सारख्याच दिसतात.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायचा ते काम: रोस्टर, म्हणजे प्रत्यक्ष संघात असलेल्यांची यादी. सही केली पण आलाच नाही, ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलण्याची सोय) गेला, तीन वर्षांनी एनएफएलला (व्यावसायिक लीगला) गेला, अशांची नावं एकेक करून काढ. मग आलेल्यांना जोड, पण त्यांचं शाळेतलं रेटिंग नको, ट्रान्स्फर रेटिंग घे. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा) कॅम वॉर्डला शाळेतून निघताना स्टारच नव्हते. इन्कार्नेट वर्ड, वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी अशी कॉलेजं त्याने बदलली, आणि एनएफएलच्या 2025 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तो पहिला निवडला गेला. इंडियानाने 2025 च्या हंगामात 50 टक्क्यांची रेषा मोडून विजेतेपद नेलं, तेही प्रशिक्षक कर्ट सिग्नेटीने बाहेरून आणलेल्या मुरलेल्या खेळाडूंवर आणि कॅलमधून (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) आलेल्या क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझावर. शाळेतले स्टार जोडत बसशील तर हा संघ तुला दिसणारच नाही. क्वार्टरबॅकसाठी तर वेगळा रकानाच ठेव. एका जागेचं एवढं वजन दुसऱ्या कुठल्याच जागेला नाही.

विजयांशी तुलना नको. नियमित हंगामात बाराच सामने, त्यात कुणाचं वेळापत्रक सोपं, कुणाचं जीवघेणं. प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार दुरुस्त केलेला सामन्यांतला गुणफरक घे. बिल कॉनेलीचं एसपी+ हे संघांचं रेटिंग चालेल, मात्र हंगामापूर्वीचं नको. त्यात रिक्रूटिंग आधीच मिसळलेलं असतं. तुझा मेळ छान बसेल आणि त्याला काही अर्थ नसेल.

तू फक्त अव्वल दहा संघ तपासलेस, हीही अडचण आहे. ते सगळे भरपूर गुणवत्तेचे, म्हणून त्यांच्यातला फरक प्रशिक्षक, दुखापती आणि क्वार्टरबॅक ठरवतात. सव्वाशेच्या वर संघ एकत्र मांड, मग संबंध स्वच्छ दिसेल. जे आलेखावरच्या या संबंधाच्या रेषेपासून सातत्याने वर राहतात त्यांच्याकडे थांबून बघ. 2024 मध्ये 12-2 करणारं आर्मी (लष्करी अकादमीचा संघ) ऑप्शन, म्हणजे धावण्यावर भर देणारी पद्धत, खेळतं, त्याला लागणारी पोरं रेटिंगवाल्यांच्या नजरेत भरतच नाहीत.

'एनएफएलमध्ये तीन स्टारवालेच जास्त' हे तुझं वाक्य खोड. पाच स्टारवाले वर्षाला तीसेक. त्यातले निम्मे ड्राफ्ट झाले असं धर, तर पंधरा. तीन स्टारवाले हजारावर. शंभरातले पाच गेले तरी पन्नास. संख्या मोठी, शक्यता दहापट कमी.

शेवटी वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेले. रेटिंग नसलेल्यांच्या रकान्यात तू शून्य भरलं आहेस, त्यामुळे अख्ख्या संघाची सरासरी पडते. त्यांना तळच्या तीन स्टारहून थोडा खालचा आकडा दे, आणि प्रत्यक्ष खेळलेल्या स्नॅप्सच्या (एकेका चालीच्या) प्रमाणात मोज. जॉर्जियाला 2021 आणि 2022 ची विजेतेपदं मिळवून देणारा स्टेट्सन बेनेट वॉक-ऑन म्हणूनच आला होता. हे आधी दुरुस्त कर आणि नवा तक्ता पाठव.

कळावे.