३६ महिन्यांच्या करारावरचा ‘फुकट’ फोन: हिशेब कसा मांडावा

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब कशावर उभा आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही न्यू जर्सीत ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना अमेरिकेत ठरावीक काळ काम करू देणाऱ्या परवान्यावर, नोकरी करता, फोन जुना पण स्वतःच्या मालकीचा आहे, आणि महिना ३० डॉलरचा प्रीपेड प्लॅन तुम्हाला पुरतो. एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या दुकानात तुम्हाला ९०० डॉलरचा नवा फोन ‘फुकट’ देऊ केला आहे. त्यासाठी ८५ डॉलरचा अमर्याद डेटाचा प्लॅन घ्यायचा, जुना फोन जमा करायचा आणि ३६ महिने त्या कंपनीकडे राहायचे, अशी अट आहे. घ्यावा की नाही, हा तुमचा प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की तुमच्या आजच्या परिस्थितीत तो घेऊ नये. मात्र हेच उत्तर प्रत्येकाला लागू पडत नाही, म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर देतो.

दुकानातला माणूस फोनच्या किमतीबद्दल बोलतो, प्लॅनच्या किमतीबद्दल ओझरते बोलतो. आपण मात्र दोन्ही मिळून ३६ महिन्यांत खिशातून किती जाणार, एवढेच पाहावे. कंपनीच्या योजनेत ८५ डॉलरप्रमाणे ३६ महिन्यांचे ३,०६० डॉलर होतात. नवी लाइन सुरू करण्याचे ३५ डॉलर वेगळे. फोन ‘फुकट’ असला तरी विक्रीकर पूर्ण किमतीवर पहिल्याच दिवशी भरावा लागतो, हे तुमच्याकडच्या कोटेशनवरही दिसते: ९०० डॉलरवर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर म्हणजे ५९.६३ डॉलर. जुना फोन बाहेर विकला तर १८० डॉलर मिळतील असे तुम्हीच लिहिले आहे. तो जमा करणे म्हणजे तेवढी रक्कम देणेच होय. अशी बेरीज ३,३३४.६३ डॉलर येते.

आता तोच फोन तुम्ही रोख देऊन, कोणत्याही कंपनीशी न बांधलेला असा घेतला आणि सध्याचा प्लॅन चालू ठेवला, तर करासह फोनचे ९५९.६३ आणि प्लॅनचे १,०८० मिळून २,०३९.६३ डॉलर होतात. जुना फोन विकून आलेले १८० डॉलर मी पहिल्या बाजूला खर्च म्हणून धरलेच आहेत, त्यामुळे ते इथे पुन्हा वजा केलेले नाहीत. फरक १,२९५ डॉलरचा. म्हणजे जो फोन बाजारात करासह ९६० डॉलरला मिळतो, तो ‘फुकट’ घेण्यासाठी तुम्ही जवळपास १,३०० डॉलर जास्त मोजणार आहात. यात पोस्टपेड बिलावर दरमहा येणारे कर आणि अधिभार मी धरलेले नाहीत. दुकानात आग्रहाने जोडला जाणारा महिना १७ डॉलरचा विमाही धरलेला नाही. तो घेतला तर ३६ महिन्यांत आणखी ६१२ डॉलर जातात, आणि फोन फुटल्यावर स्वतः भरायची रक्कम त्याहून वेगळी. जाहिरातीतला ८५ हा आकडा बहुधा बँक खात्यातून बिल आपोआप भरण्याची सवलत धरून छापलेला असतो, तेही कोटेशनवर तपासून पाहा.

ही योजना व्याजावर चालत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे, कारण अनेक जण व्याज शोधतात, ते सापडत नाही, आणि मग व्यवहार स्वच्छ आहे असे समजतात. तुमच्या बिलावर दरमहा दोन ओळी येतील: एकीत फोनचा हप्ता २५ डॉलर, दुसरीत ‘प्रमोशनल क्रेडिट’ म्हणजे वजावट म्हणून उणे २५ डॉलर. दोन्ही मिळून शून्य. पहिली ओळ हे तुमचे कर्ज आहे आणि ते कोणत्याही परिस्थितीत फेडायचे आहे. दुसरी ओळ ही कंपनीने अटीवर दिलेली सवलत आहे, आणि अट मोडली की ती त्या महिन्यापासून थांबते. फोन फुकट मिळाला असे म्हणता येईल ते ३६ वी वजावट पडल्यावर, त्याआधी नाही.

पूर्वीची पद्धत वेगळी होती. २००८ मध्ये आयफोन ३जी एटी अँड टी या मोबाइल कंपनीच्या दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत असे, आणि करार मोडला तर ठरावीक दंड भरून सुटता येत असे. टी-मोबाइलने २०१३ मध्ये आणि एटी अँड टीने २०१६ च्या सुरुवातीला ती पद्धत बंद केली. तेव्हापासून करार संपले असे म्हटले जाते. प्रत्यक्षात दंडाची जागा थकलेल्या हप्त्यांनी घेतली, आणि मुदत अनेक योजनांत २४ महिन्यांवरून ३६ वर गेली.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी याच मुदतीची वाटते. ओपीटीचे पहिले १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीधरांना मिळणाऱ्या मुदतवाढीचे २४ मिळून बरोबर ३६ महिने होतात, आणि त्यातले काही तुमचे आधीच संपले आहेत. पहिल्या १२ महिन्यांत नोकरीशिवाय एकूण ९० दिवसच राहता येते, मुदतवाढीत त्यात आणखी ६० दिवसांची भर पडते. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला तरी नोकरी गेल्यावर या देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. असे असताना, आपण तीन वर्षे या देशात, याच फोन कंपनीचे ग्राहक म्हणून नक्की असू, असे मानून सही करणे धाडसाचे आहे. समजा १४ व्या महिन्यानंतर परत जावे लागले. तोपर्यंत १४ वजावटी मिळालेल्या असतील. उरलेल्या २२ हप्त्यांचे ५५० डॉलर शेवटच्या बिलात एकदम येतील. प्लॅनपोटी ३० ऐवजी ८५ दिल्यामुळे जास्त गेलेले ७७० डॉलर, लाइनचे ३५ आणि कराचे ५९.६३ त्यात मिळवले की बेरीज १,४१४.६३ होते. ९६० डॉलरच्या फोनसाठी एवढे पैसे, आणि जुना फोनही गेलेला. घाईत देश सोडताना हे शेवटचे बिल अनेकांकडून राहून जाते, ते वसुली संस्थेकडे जाते आणि क्रेडिट इतिहास बिघडतो. पुढे कधी इथे परत येऊन घर भाड्याने घ्यायचे झाले तर तो आड येतो.

दुसरी अडचण आपल्या लोकांना विशेष जाणवणारी आहे. एटी अँड टी आणि टी-मोबाइल फोनचे पूर्ण पैसे फिटल्याखेरीज फोन अनलॉक करत नाहीत. म्हणजे तुमची योजना या दोघांपैकी एकीची असेल, तर तीन वर्षे त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालणार नाही, आणि भारतातल्या कंपनीचेही नाही. बँकेचा, म्युच्युअल फंडाचा, आधारचा ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येतो, आणि बहुतेकांनी तो क्रमांक त्यासाठीच जिवंत ठेवलेला असतो. आमच्या ओळखीचे एक कुटुंब उन्हाळ्यात पुण्याला गेले. नव्या फोनमध्ये भारतातले सिम चालेना, आणि जुने फोन आधीच जमा केलेले. आईच्या इस्पितळाचे पैसे भरायच्या वेळी ओटीपीसाठी शेवटी शेजारच्या काकांचा साधा फोन मागून आणावा लागला. फोन आयफोन असेल तर अजून एक गोष्ट पाहावी: आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिम घालायची जागाच नाही, त्यामुळे फोन अनलॉक असला तरी भारतातला क्रमांक ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमवर, घ्यावा लागतो. तो बदल शक्यतो भारतात असतानाच करून घ्यावा.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. ज्याला ८५ डॉलरचाच प्लॅन हवा आहे, ज्याचा डेटा भरपूर लागतो, जो गर्दीच्या ठिकाणी राहतो किंवा काम करतो, त्याचा हिशेब वेगळा पडतो. स्वस्त प्रीपेड प्लॅनवर, विशेषतः मोठ्या कंपन्यांचे जाळे भाड्याने वापरणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे, टॉवरवर गर्दी झाली की वेग आधी कमी केला जातो. अशा माणसाने ते ८५ डॉलर तसेही दिले असते. त्याला फोन खरोखर लाइनचे ३५, कर आणि जुन्या फोनची किंमत एवढ्यात पडतो, आणि तो सौदा उत्तम आहे. चार लाइनच्या कुटुंबालाही हे अनेकदा परवडते, कारण लाइन वाढतात तसा प्रत्येक लाइनचा दर बराच खाली येतो. म्हणून फोन बाजूला ठेवून स्वतःला विचारावे: हा प्लॅन मी फोनशिवाय घेतला असता का? तुम्ही महिन्याला पाच-सहा जीबी वापरता आणि घरी, ऑफिसात वायफाय आहे असे लिहिले आहे. तुमचे उत्तर ‘नाही’ असेच येते.

प्लॅनचा दर ३६ महिने तोच राहील, असे मात्र कोणीही धरून चालू नये. टी-मोबाइलने २०२४ मध्ये आपल्या अनेक जुन्या प्लॅनचे दर वाढवले होते. दर वाढल्यावर प्रीपेडवाला दुसरीकडे जातो. वजावटीत अडकलेल्या माणसाला जाता येत नाही, आणि स्वस्त प्लॅनवर उतरले तरी काही योजनांत वजावट बंद होते.

फोन बदलणे अगदी गरजेचे असेल, तर एक वर्ष जुने मॉडेल अनलॉक केलेले घ्या; तुम्ही लिहिलेल्या वापराला ते सहज पुरेल.

हे सर्व वाचूनही योजना घ्यायचे ठरवलेत, तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्या: वजावट कोणत्या किमान प्लॅनवर चालू राहते, ती कितव्या बिलापासून सुरू होते, आणि जुन्या फोनची तपासणी होऊन किंमत कमी ठरली तर वजावट किती उरते. दुकानातून घेतलेला फोन परत करण्याची मुदत एटी अँड टी व टी-मोबाइलकडे १४ दिवसांची आणि व्हेरायझनकडे ३० दिवसांची आहे, आणि परत करताना शुल्क कापले जाते. वजावट बहुधा पहिल्या एक-दोन बिलांनंतर सुरू होते, म्हणजे ती लागली नाही हे कळेपर्यंत परतीची मुदत उलटून गेलेली असू शकते. त्यामुळे जुना फोन जमा केल्याची पावती आणि त्याच्या आयएमईआय क्रमांकाचा (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) फोटो, उणे २५ ची ओळ बिलावर दिसेपर्यंत तरी जपून ठेवा.