निळं-पिवळं ग्लायडर आलं कुठून?

प्रश्न : ताई, मुलगा आठवीत आहे, विमानांचं प्रचंड वेड. त्याला संगणकावर फ्लाइटगिअर हा विमान उडवण्याचा कार्यक्रम टाकून दिला. सोबत येणारं सेसना १७२ झकास उडतं. मग गिटहब या प्रोग्रामच्या फाइली ठेवण्याच्या वेबसाइटवरून सेसना १८२ ची झिप फाइल उतरवून घेतली. विमान यादीत दिसतं, पण ‘फ्लाय’ दाबलं की धावपट्टीवर भलतंच निळं-पिवळं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उभं! कॉकपिटही नाही. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बदला. बदलू का? – एक वाचक, मिरज

उत्तर : दादा, एक रुपयाही खर्च करू नका. सेसना १७२ नीट दिसतंय ना? मग कार्ड ठणठणीत आहे.

ते ग्लायडर फ्लाइटगिअरनेच उभं केलंय. विमानाचं त्रिमितीय मॉडेल सापडलं नाही, तर कार्यक्रम बंद पडू नये म्हणून तो स्वतःजवळचं ग्लायडर त्या जागी ठेवतो. उड्डाणाचं गणित वेगळ्या फाइलीत असतं आणि ती फाइल त्याला सापडलेली असते. म्हणून दिसायला ग्लायडर असलं तरी ते धावतं सेसनासारखं.

मॉडेल का सापडलं नाही, तर फोल्डरच्या नावामुळे. गिटहबवरची झिप सोडवली की फोल्डरच्या नावाला ‘-मास्टर’ असं शेपूट लागलेलं असतं. विमानाच्या आतल्या फाइलींत मात्र मॉडेलपर्यंतचा रस्ता (पाथ) लिहिलेला असतो ‘एअरक्राफ्ट/सी१८२एस/मॉडेल्स/…’ असा. कार्यक्रम ‘सी१८२एस’ शोधतो आणि तुमच्याकडे आहे ‘सी१८२एस-मास्टर’. शेपूट काढून टाका, कार्यक्रम पुन्हा सुरू करा.

पण माझ्यावर विसंबू नका, खात्री करून घ्या. विंडोजमध्ये एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत पर्सेंटचं चिन्ह, ‘ॲपडेटा’ आणि पुन्हा पर्सेंटचं चिन्ह, असं इंग्रजीतून टाइप करा. तिथे ‘फ्लाइटगिअर डॉट ऑर्ग’ नावाचं फोल्डर आहे आणि त्यात ‘एफजीएफएस डॉट लॉग’ ही फाइल. हा लॉग, म्हणजे कार्यक्रमाने काय केलं आणि कुठे अडलं याची त्याने स्वतः लिहिलेली नोंदवही. नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘ग्लायडर’ हा शब्द इंग्रजीतून शोधा. ‘फेल्ड टु लोड एअरक्राफ्ट फ्रॉम’ अशी ओळ सापडेल, तिच्यापुढे कार्यक्रमाने जिथे शोधलं तो रस्ता, आणि खाली ‘फॉलिंग बॅक टु ग्लायडर डॉट एसी’. तो रस्ता आणि तुमच्या डिस्कवरचा रस्ता अक्षर न् अक्षर ताडून बघा. हे मुलाच्या हातून करून घ्या, अशी माझी आग्रहाची विनंती. आठवीतलं पोर लॉग वाचायला शिकलं, तर ते विमानापुरतं राहत नाही.

आणखी एक. नवी विमानं फ्लाइटगिअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कोंबू नका. नवी आवृत्ती टाकताना ती जातात. डी ड्राइव्हवर वेगळं ‘विमाने’ फोल्डर करा (नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता) आणि लाँचरमधल्या (कार्यक्रम सुरू करताना उघडणाऱ्या पहिल्या खिडकीतल्या) ‘ॲड-ऑन्स’मध्ये त्याचा पत्ता द्या. पत्ता ‘विमाने’चा द्यायचा, आतल्या ‘सी१८२एस’चा नाही. विंडोज झिप सोडवताना पुष्कळदा फोल्डरात त्याच नावाचं फोल्डर करून ठेवतो; तसं झालं तर विमान यादीतच येत नाही. ज्या फोल्डरमध्ये ‘-सेट डॉट एक्सएमएल’ने संपणारी फाइल समोर दिसते, ते विमानाचं खरं फोल्डर. तेच थेट ‘विमाने’मध्ये हवं.

प्रश्न : विंडोजवर व्यवस्थित दिसणारं विमान पेनड्राइव्हवरून उबुंटूवर आणलं, तर काही भाग पांढरेफटक दिसतात. फाइली सगळ्या आहेत, मी मोजल्या. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फाइली आहेतच, त्यांच्या नावांतली मोठी-लहान अक्षरं बघा. विंडोजला कॅपिटल टी आणि स्मॉल टी सारखेच. लिनक्सला (उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) ती दोन वेगळी नावं. विमान बनवणाऱ्याने फोल्डरला एक नाव दिलं आणि फाइलीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं, तर विंडोजवर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि लिनक्सवर रंगाचं चित्र सापडत नाही म्हणून तो भाग पांढरा राहतो. उबुंटूवर लॉग बहुधा तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट एफजीएफएस’मध्ये मिळेल, हे फोल्डर लपलेलं असतं, कंट्रोल-एच दाबा म्हणजे दिसेल. दुरुस्ती झाली की ती विमान बनवणाऱ्याला जरूर कळवा. ही माणसं फावल्या वेळात, पैसे न घेता इतकं बारीक काम करतात. त्यांच्यापर्यंत नेमकी चूक पोचली पाहिजे.

फ्लाइटगिअर २०१८ च्या आवृत्तीवर असेल, तर आधी तेच बदला. २०२०.३ साठी बनवलेली विमानं जुन्या आवृत्तीवर अर्धवट उघडतात, आणि मग आपण उगाच फोल्डर उपसत बसतो.

प्रश्न : विमान छान दिसतं, काटे-तबकड्या सगळं आहे, पण पुढचा पंखाच (प्रोपेलर) फिरत नाही. पुन्हा डाउनलोड करू का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नको. विमान पूर्ण उघडलंय, फक्त इंजिन बंद आहे. खऱ्या सेसनातही मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) पुढे ढकलून, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) चालू करून मगच स्टार्टर फिरवतात. वरच्या मेन्यूत विमानाच्या नावाचा रकाना आहे, त्यात ‘ऑटोस्टार्ट’ दाबा. पंखा फिरला तर विमानात काहीच खोट नाही. मग तेच टप्पे एकेक करून हाताने शिका. ऑटोस्टार्टनेही इंजिन लागलं नाही, तर टाकीत इंधन किती आहे ते बघा, आणि तरीही अडलं तर लॉगमधला शेवटचा भाग मला पाठवा.