बाळाची लघवी तपासायची की आईचं रक्त?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, बाळंतपणाला माहेरी अक्कलकोट रोडला आलेय. मुलगी १२ दिवसांची, दूध छान पिते, पण कानाच्या टेस्टला उजव्या कानात ‘रेफर’ (पास नाही, पुन्हा तपासा) आलं, दीड महिन्याने परत या म्हणाले. गरोदरपणातला टॉर्च रिपोर्ट (पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) काढून बघितला तर सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आयजीजी पॉझिटिव्ह! सासूबाई म्हणतात अंगावरचं दूध बंद कर. काय करू? – एक आई, सोलापूर

उत्तर: दूध अजिबात बंद करू नका. यांना मी लगेच फोन करून सांगितलं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय, कारण अंक हातात पडेपर्यंत बाळाच्या लघवीच्या तपासणीची मुदत संपते.

आयजीजी म्हणजे व्हायरसविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी, ते पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस कधीतरी येऊन गेलाय, आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन जातो (माझाही पॉझिटिव्हच येईल), आणि तेच आयजीजी नाळेतून बाळात उतरतं, म्हणून बाळाचं रक्त काढून टॉर्च केलं तरी पैसे जातात अन् कळत काहीच नाही. बाळाला पोटात असताना लागण झाली का हे बघायचं तर बाळाची लघवी किंवा लाळ, सीएमव्ही पीसीआरसाठी (यात खुद्द व्हायरसच शोधतात), आणि तेही जन्मापासून २१ दिवसांच्या आत. त्यानंतर पॉझिटिव्ह आलं तर व्हायरस पोटातला की नंतर दुधातून आलेला, सांगता येत नाही. लाळ घेणार असाल तर दूध पाजून तासभर तरी जाऊ द्या, पॉझिटिव्ह आली तर लघवीवर पक्कं करा.

रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे हो, बऱ्याचदा कानात चिकटा असतो, पुढच्या वेळी पास होतं. पण दीड महिना थांबायचं ते कानासाठी, लघवीसाठी नाही! लागण झालेली दहातली नऊ बाळं जन्मताना ठणठणीत दिसतात, ऐकू येणं कधीकधी नंतर कमी होतं, त्यामुळे लघवी पॉझिटिव्ह आली तर बेरा (कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणारी तपासणी) आणि पुढची काही वर्षं कान तपासत राहायचं. औषध सगळ्यांना लागत नाही, लागलंच तर शक्यतो पहिल्या महिन्यात सुरू करतात, सहा महिने चालतं, पांढऱ्या पेशी घटतात म्हणून मधूनमधून रक्त बघावं लागतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात २०२३ पासून प्रत्येक बाळाची सीएमव्हीसाठी तपासणी होते, आपल्याकडे तसं नाही, मग विचारायचं आपणच.

प्रश्न: सून हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे, नववा लागलाय. एवढ्याशा बाळाला लगेच लस टोचायची का? – एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर: हो आजोबा, २४ तासांच्या आत, आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडीजचं) इंजेक्शनही. ते ऐनवेळी मिळेलच असं नाही, डिलिव्हरी जिथे करणार तिथे आजच सांगून आणवून ठेवा.