सॉफ्टवेअरवर डिझाइन एकच, तरी गटातल्या ब्लॉकची मापं वेगवेगळी का आली?

सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की गटात बारा जणी, निम्म्या पुण्यात, निम्म्या अमेरिकेत. ईक्यू८ या क्विल्ट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये १२ इंची ओहायो स्टार (नऊ घरांचा चांदणीचा ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक चौकोन) काढून त्याचे साचे पीडीएफने सगळ्यांना पाठवले. आणि जमा झालेले ब्लॉक बरेचसे सव्वाबारा, तीन पावणेबाराच्या जरा आतले आणि एक चक्क चौदा इंच. या तीन मापांमागे तीन वेगळ्या चुका आहेत, आणि कोणाची कोणती ते टेपच सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करा. १२ हे तयार माप. चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) धरून सुटा ब्लॉक साडेबारा भरायला हवा. गटाला निरोप देताना नुसतं ‘१२ इंची’ न लिहिता दोन्ही मापं लिहायची.

चौदाचं कोडं सोपं आहे. ओहायो स्टारमध्ये आडवी तीन घरं असतात, तयार ४ इंचांची, म्हणजे तुकडा साडेचारचा. छापलेल्या साच्यात माया धरलेली असते. त्या बाईंनी ती पुन्हा सोडली. प्रत्येक तुकडा अर्ध्या इंचाने वाढला, तीन तुकड्यांचा दीड इंच, साडेबाराचे झाले चौदा. हा ब्लॉक वाचतो: उसवा, नऊही घरं मधोमध धरून साडेचारला कापा, परत जोडा.

पावणेबाराच्या आतले तीन बहुतेक अमेरिकेतून आले असणार. ए४ कागद २९७ मिमी लांब, तिकडचा लेटर २७९. छापताना ‘फिट टू पेज’ राहिलं की सगळं साधारण सहा टक्क्यांनी आक्रसतं. साडेचारचा तुकडा सव्वाचारच्याही किंचित खाली येतो, आणि शिवल्यावर ब्लॉक ११.७ च्या आसपास. उपाय: ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडायचं, आणि प्रत्येक पानावर एक इंचाचा चौकोन काढून ठेवायचा. पट्टी लावून तो बरोबर भरला तरच कात्री उचलायची.

आता सव्वाबारा, म्हणजे खरी डोकेदुखी. इथे कापणं बरोबर आहे, टीप चुकतेय. पाव इंच म्हणजे दोन सूत. टीप फक्त अर्धा सूत आत गेली तरी एका शिवणीत दोन्ही तुकड्यांचा मिळून एक सूत जातो. या ब्लॉकला आडव्या ओळीत दोन शिवणी, म्हणजे दोन सूत, पाव इंच गायब. एका ओळीत आठ तुकडे असते तर सात सूत, जवळजवळ इंचभर गेलं असतं. आपल्या गोधडीत हा प्रश्न येत नाही, कारण ठिगळं कडा दुमडून थेट थरावर मांडतात आणि वरून धावदोरा घालतात. एका ठिगळाची चूक दुसऱ्यात जात नाही. जोडकामात मात्र ती बेरजेने वाढते.

मशीनच्या फुटाच्या (कापड दाबणाऱ्या पायाच्या) कडेवर भरवसा ठेवू नका, नेहमीच्या फुटाची कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही. हातचाक फिरवून सुई खाली आणा, पट्टीची पाव इंचाची रेघ सुईखाली येईल अशी ठेवा, पट्टीच्या उजव्या कडेला लागून प्लेटवर जाड टेप चिकटवा. मग चाचणी: दीड इंच रुंद, चार इंच लांब अशा कापडाच्या तीन पट्ट्या शेजारीशेजारी जोडा, इस्त्री करा. एकूण रुंदी साडेतीन आणि मधली पट्टी बरोबर एक इंच हवी. सव्वातीन भरली तर टीप अर्धा सूत जास्त आत आहे. टेप तेवढी सुईकडे सरकवा. माया एका बाजूला दाबली की घडीत दोरा-दोन दोरे जातात, म्हणून टीप पाव इंचाला नखभर कमीच बसावी लागते. या चाचणीच्या तुकड्याचा मोजपट्टीसकट फोटो आल्याशिवाय कोणीही खरं कापड कापायचं नाही, असा गटाचा नियम करा. सुरुवातीला जाच वाटतो, पण उसवण्यापेक्षा परवडतो.

इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही. या ब्लॉकमधले त्रिकोण चौकोन दोनदा तिरपा कापून निघतात, त्यांच्या शिवणी उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरक्या) असतात आणि वाफेखाली ताणल्या जातात. त्यासाठी सव्वापाचऐवजी साडेपाचचा चौकोन घ्या, घर शिवून झालं की मधला बिंदू सव्वादोनवर धरून साडेचारला छाटा.

आलेले ब्लॉक फेकू नका. प्रत्येकाभोवती एकाच गडद कापडाची दोन इंची पट्टी लावा (बाजूंना १३ इंचांच्या दोन, वर-खाली १६ च्या दोन), मग चांदणीचा मध्य सव्वासातवर धरून सगळे साडेचौदाला कापा. लहान ब्लॉकची चौकट थोडी रुंद दिसेल, शेजारच्या चौकटीत ती मिसळून जाते. ४२ इंच पन्ह्याचं कापड सव्वा मीटर पुरतं. तीन गुणिले चारची मांडणी ४२ × ५६ इंच होते. चौकटीचं कापड आधी धुवून घ्या, गडद लाल किंवा निळं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग जातो का तेही बघा.

पुढच्या वेळी ब्लॉक निवडताना त्याची घरं मोजा. १२ ला ३, ४, ६ ने भाग जातो. बेअर्स पॉ हा ब्लॉक मात्र आडवा सात घरांचा असतो. तो १२ इंचात बसवला तर प्रत्येक घर १.७१ इंचांचं येतं, सॉफ्टवेअर कापायच्या तक्त्यात ते जवळच्या अपूर्णांकाला नेतं आणि टीप अचूक असूनही ब्लॉक फसतो. तो १४ इंचांचाच घ्या, घर सरळ दोन इंचांचं.