वाचकांचे प्रश्न : कलमांच्या बागेतून गॅसची लाइन

प्रश्न : नमस्कार सर. आमच्या गावातून गॅसची पाइपलाइन जाणारे असं कळलंय, माणसं येऊन मोजणी करून खुणा पण ठोकून गेली आणि यादीत आमचा गट नंबर आहे. हापूसची कलमं आहेत, वरच्या अंगाला झरा आहे त्यावर अर्धी वाडी पाणी पिते. कोणी म्हणतं गॅस लीक होऊन कॅन्सर होतो, कोणी म्हणतं ग्रामसभेचा ठराव केला की काम थांबतं. पर्यावरण आणि आरोग्याच्या मुद्द्यावर विरोध करता येतो का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : येतो, पण आधी तारीख बघा, बाकी सगळं नंतर. हे काम 1962 च्या पेट्रोलियम पाइपलाइनच्या केंद्रीय कायद्याने चालतं. त्यात जमिनीची मालकी तुमचीच राहते, कंपनीला फक्त खालून लाइन टाकायचा हक्क मिळतो, आणि राजपत्रातली अधिसूचना लोकांना बघायला मिळाली की तिथून 21 दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. ती 'सक्षम प्राधिकारी' म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तहसीलदाराकडे निवेदन देऊन फोटो काढून घरी येतात लोक, आणि मुदत तिकडे निघून जाते. हरकतीची पोच घ्या आणि सुनावणी मिळावी असं त्यातच लिहा, वकील घेऊन जाता येतं.

ठराव जरूर करा, हरकतीला जोडा, पण भिस्त त्याच्यावर नको. तामिळनाडूत कोइम्बतूर, इरोड वगैरे सात जिल्ह्यांतून 310 किलोमीटर लाइन जायची होती, शेतकरी रस्त्यावर आले आणि 2013 मध्ये खुद्द राज्य सरकारच म्हणालं की लाइन हायवेच्या कडेने न्या. तरी मद्रास हायकोर्टाने त्याच वर्षी आणि सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये लाइन टाकणाऱ्या गेल (GAIL) या सरकारी गॅस कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण कायदा केंद्राचा. जिथे राज्य सरकारचं चाललं नाही तिथे आपल्या ग्रामसभेचं काय घेऊन बसलात.

मग हरकतीत लिहायचं काय? "आमचा प्रकल्पाला विरोध आहे" एवढं लिहिलंत तर ते एका ओळीत फेटाळतात. राहतं घर, घराला लागून असलेली जागा आणि पक्कं बांधकाम यांच्याखालून लाइन टाकता येत नाही, जमिनीपासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवरही नाही, हे कायद्यातच आहे, तर तुमच्या गटात असं काही असेल तर नकाशावर दाखवा. त्या पट्ट्यात नंतर झाड लावता येत नाही, विहीर खोदता येत नाही, बांधकाम नाही. बागायतदाराला खरा फटका हाच, कारण त्या हक्काची भरपाई बाजारभावाच्या फक्त 10 टक्के (झाडांचं नुकसान वेगळं धरतात), आणि कलम काही वर्षभरात तयार होत नाही.

झऱ्याचा मुद्दा माझ्या मते तुमचा सगळ्यात जोरदार. जांभ्या दगडात चर मारला की पाणी आपली वाट सोडून त्या चरानेच जाऊ शकतं, मग खाली वाडीत काय येणार? झऱ्याचे फोटो, किती घरं त्यावर आहेत, मे महिन्यात पाणी असतं का, हे सगळं लिहा, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा अहवाल घेऊन मगच मार्ग ठरवा अशी मागणी करा. पर्यायी मार्ग पण स्वतःच सुचवा, सड्यावरून (वरच्या उघड्या कातळावरून), रस्त्याच्या कडेने, जसं शक्य असेल तसं.

जनसुनावणीची वाट बघत बसू नका, ती पर्यावरण मंजुरीसाठी असते. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत पाइपलाइनला मंजुरी लागते ती अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, संवेदनशील क्षेत्र असं मध्ये येत असेल तरच. वनजमीन किंवा खाडी लागत असेल तर त्यांच्या परवानग्या वेगळ्या, त्या माहिती अधिकारात मागा.

आता कॅन्सर. तो मुद्दा सोडा, सुनावणीत तुमचंच हसं होईल. पाइपातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो आग आणि स्फोटाने मारतो. आंध्रात नगरम गावात 27 जून 2014 ला लाइन फुटून वीसच्या वर माणसं गेली, कोरड्या गॅससाठीच्या लाइनीतून पाणी असलेला गॅस नेला आणि पाइप आतून गंजला. त्यामुळे वस्तीपासून अंतर किती, गंज तपासणी कधी, व्हॉल्व्ह स्टेशन कुठे, हे लेखी विचारा. जवळपास कॉम्प्रेसर स्टेशन (लाइनीतल्या गॅसचा दाब वाढवायचं ठिकाण) होणार असेल तर मात्र आरोग्याचा मुद्दा खराच आहे, तिथली गॅसवर चालणारी इंजिनं नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, आवाज रात्रंदिवस, आणि मधूनमधून गॅस हवेत सोडतात तो वेगळाच.

प्रश्न : नॅचरल गॅस तर स्वच्छ इंधन आहे ना, मग पर्यावरणवाले विरोध का करतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जाळताना कोळशाच्या मानाने कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मा निघतो, धूर-राख नाही, हे खरंय. पण न जळता गळलेला मिथेन 20 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो, म्हणून विहिरीपासून शेगडीपर्यंत गळती किती यावर सगळं अवलंबून. शिवाय एकदा लाइन टाकली की खर्च वसूल व्हायला काही दशकं ती चालवावीच लागते. वरच्या वाचकांनी हे वाचून लगेच हरकतीत हवामानबदल घुसडू नये, त्या अधिकाऱ्यापुढे तो विषय चालत नाही, तिथे झरा आणि गट नंबरच चालतो.