फोटो राहू द्या, मान बघा

प्रश्न: माझा मुलगा चार महिन्यांचा आहे. त्याचं डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरचं वळण. मी नवऱ्याच्या घरचे जुने फोटो शोधतेय, त्यांच्याकडेही तसंच दिसतं. हे आनुवंशिक असतं का? बाकी बाळ मजेत आहे, फक्त डावीकडे दूध छान पितं, उजवीकडे घेतलं की रडतं.

उत्तर: तुम्ही जाता जाता लिहिलेलं शेवटचं वाक्यच महत्त्वाचं आहे. डावीकडे पाजताना बाळाला मान उजवीकडे वळवावी लागते, उजवीकडे पाजताना डावीकडे. ती वळत नसेल, म्हणून ते रडत असावं. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडला की बाळ झोपेतही एकाच कुशीला तोंड करतं. या वयात कवटीची हाडं पातळ, शिवणी (हाडांमधले सांधे) मोकळ्या आणि मेंदू झपाट्याने वाढणारा. टेकलेली जागा दबते आणि वाढ दुसरीकडे सरकते.

डोक्याचा आकार लहान-मोठा असणं घराण्यात चालतं, पण असा एका बाजूचा चपटेपणा सहसा दाबामुळे येतो. सासूबाई चुकल्या, पण तुम्हीही फोटो चाळण्यात वेळ घालवलात, याचा मला राग येतो. मान जितकी लवकर सुटेल तितकं डोकं आपोआप भरून येतं.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. नुसतं ‘डोकं चपटं आहे’ म्हणू नका. ‘मान डावीकडे किती वळते ते तपासा’ असं सांगा आणि फिजिओथेरपीचे व्यायाम शिकून घ्या. स्वतःच्या मनाने मान ओढू नका. तोवर खेळणं, आवाज, तुमचा चेहरा, सगळं डावीकडून येऊ द्या. बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडं थोडं करून दिवसातून किमान 30 मिनिटं पालथं ठेवा. झोपवायचं मात्र पाठीवरच, आणि उशी अजिबात नको, डोकं गोल करणारी म्हणून विकतात ती तर नाहीच. तिने श्वास अडकण्याचा धोका असतो.

जाण्याआधी बाळाच्या डोक्याकडे वरून बघा. उजवा कान आणि उजवं कपाळ किंचित पुढे सरकलं असेल, तर ते बहुधा दाबाचंच लक्षण. कान मागे ओढलेला असेल, त्यामागे हाडाचा कंगोरा हाताला लागत असेल किंवा डोक्याचा घेर वाढायचा थांबला असेल (या वयात तो महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो), तर शिवण वेळेआधी जुळली असू शकते. तिथे कधीकधी जनुकांचा हात असतो आणि शस्त्रक्रियाही लागू शकते. यातलं काहीही दिसलं तर आठवडाभर थांबू नका, उद्याच दाखवा.