महीच्या दरडीतील लाल पट्टा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (दांडिया बाजार): बडोद्याजवळच्या रायका गावापाशी मही नदीच्या उंच दरडीत पिवळट गाळाच्या मध्यभागी एक तांबूस पट्टा दिसला. नदीने एकदाच लाल माती आणून टाकली असेल काय?

उत्तर: हा लाल रंग नदीने आणलेला नाही, तो त्या जागीच चढलेला आहे. नदी गाळ आणते, माती मात्र जागेवर घडते, आणि हा भेद लक्षात आला की दरड वाचता येऊ लागते. नदीने पात्र बदलले किंवा तिचे पूर एखाद्या पृष्ठभागापर्यंत पोहोचेनासे झाले, की तेथे गवत व झाडे रुजतात, मुळे आणि किडामुंगी गाळाचे मूळचे पदर मोडून टाकतात, पावसाचे पाणी बारीक चिकण व चुना खाली नेते, आणि खनिजांतील लोह गंजून उष्ण, ऋतुमानाने कोरड्या हवेत तांबूस होते. पुढे नदी किंवा वारा त्यावर नवा थर घालतो आणि ती माती गाडली जाते. म्हणून लाल पट्टा हा पुराचा नव्हे, तर दीर्घ विसाव्याचा पुरावा आहे. माझ्या मते दरडीतील सर्वांत बोलका भाग हाच.

ओळखण्याची खूण अशी की अशा मातीची वरची कड बहुधा ठळक असते, तर खालची कड हळूहळू गाळात विरत जाते. साबरमतीच्या खोऱ्यातही असाच लाल पट्टा आढळतो, त्यामुळे दूरदूरच्या दरडी एकमेकींशी जुळवून पाहण्यास त्याचा आधार घेतात. महीकाठी त्याच्या वर वाऱ्याने आणलेली बारीक माती आहे. म्हणजे विसाव्यानंतरचा काळ अधिक कोरडा होता.

प्रश्न (मांजलपूर): त्याच दरडीत पांढरे, ओबडधोबड खडे सापडतात. ते शिंपल्यांचे अवशेष आहेत का?

उत्तर: नाहीत, ते चुन्याचे खडे, म्हणजे कंकर. पावसाने विरघळवलेला चुना जेथे पाणी आटते तेथे साचतो. तो पूर्णपणे वाहून जाण्याइतका पाऊस नव्हता, एवढे तर खडा लगेच सांगतो. काही खडे नळीसारखे असतात. ते एखाद्या मुळाभोवती जमलेले असतात. शिवाय त्यांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, त्या काळी वृक्षांचे प्राबल्य होते की ज्वारी-बाजरीच्या कुळातील उष्ण प्रदेशीय गवतांचे, याचा अंदाज करता येतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. खडे गोल घासलेले आणि वाळू-गोट्यांत मिसळलेले असतील, तर ते दुसरीकडील मातीतून उखडून नदीने आणलेले असतात, आणि ज्या थरात ते पडले आहेत त्याच्या हवामानाविषयी त्यांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

प्रश्न (रावपुरा): मातीचे वय कसे काढतात?

उत्तर: किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून वय काढणाऱ्या रेडिओकार्बन पद्धतीची मर्यादा सुमारे 50,000 वर्षांची आहे, आणि कंकरात जुना-नवा कार्बन मिसळत राहिल्याने फसगत होते. म्हणून क्वार्ट्झच्या (गारेच्या) कणांवर ल्युमिनेसन्स, म्हणजे कणांतून बाहेर पडणारा प्रकाश मोजण्याची पद्धत वापरतात. गाळातील युरेनियम, थोरियम व पोटॅशियमच्या किरणोत्साराने कणांत ऊर्जा साठत जाते; सूर्यप्रकाश लागला की ती रिकामी होते. त्यामुळे कण शेवटचा उजेडात कधी होता, ते मोजता येते. नमुना घेताना दरडीत लोखंडी नळी ठोकतात आणि ती प्रयोगशाळेच्या मंद लाल दिव्यातच उघडतात. मातीखालच्या व वरच्या गाळाची वये मिळाली, की मधला विसावा त्या दोहोंच्या अंतरातच बसवावा लागतो.

प्रश्न (कारेलीबाग): ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीने अंगणात टाकलेला चिखल पुढे असाच पुरावा ठरेल का?

उत्तर: अंगणातला ठरणार नाही, तो धुतला जातो, तुडवला जातो, गांडुळे उलथवतात. असा थर टिकतो तो पाणी संथ होणाऱ्या आडोशाला आणि लवकर झाकला गेला तरच. नर्मदेच्या खडकाळ घळीत अशाच आडोशांतील गाळावरून पुराची मोजणी सुरू होण्यापूर्वीचे महापूर अभ्यासले गेले आहेत. आपल्याकडे कुंपणाबाहेर एखादा न हललेला थर उरला असेल, तर शेजारी मोजपट्टी धरून त्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्याची जाडी, जागा व भिंतीवरील पाण्याच्या खुणेची उंची तारखेसह लिहून ठेवावी.